पडदा काळा पडतो तेव्हा : लिनक्स संगणकावरील चित्रदोषांचे निदान



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी विज्ञानाची पहिली अक्षरे गिरवली, त्याच शाळेच्या व्यासपीठावरून बोलण्याची संधी आज मला लाभली, याबद्दल मी व्याख्यानमाला समितीचा ऋणी आहे. ज्यांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आमचे विज्ञानाचे सर आपणांपैकी अनेकांना आठवत असतील. प्रयोगशाळेत विद्युतमंडल जोडून झाले आणि दिवा लागला नाही, की आम्ही गोंधळून सरांना हाक मारीत असू. सर जवळ येत. परंतु तारेला हात लावीत नसत. ते एकच प्रश्न विचारीत : "कोठपर्यंत चालू आहे?" मग एक लहानसा दिवा घेऊन घटापासून एकेक जोड तपासावयाचा. जेथवर दिवा लागतो तेथवर सर्व ठीक. जेथे तो प्रथम लागत नाही, तेथेच दोष. आजच्या विषयाचे सारे सूत्र या एका प्रश्नात आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

विषय वरवर पाहता फार तांत्रिक वाटेल : लिनक्स या मुक्त स्रोत कार्यप्रणालीवर चालणाऱ्या लॅपटॉपचा पडदा काळा पडला, लुकलुकू लागला, किंवा त्यावरील चित्र विस्कटले, तर कारण कसे शोधावे? तथापि हा प्रश्न आपल्या शाळेच्या दारात आलेला आहे. तो कसा आला, हे प्रथम सांगतो.

निमित्त

विंडोज १० या कार्यप्रणालीचे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. तिची पुढील आवृत्ती, विंडोज ११, अधिकृतपणे चालण्यासाठी विशिष्ट प्रोसेसर आणि 'टीपीएम २.०' ही सुरक्षाचिप लागते. त्यामुळे ज्यांचे प्रोसेसर, स्मृती आणि कळफलक उत्तम स्थितीत आहेत असे असंख्य संगणक एकाएकी 'जुने' ठरले. आपल्या माजी विद्यार्थ्यांनी असे बारा लॅपटॉप शाळेला दिले. त्यांवर लिनक्स बसवून संगणककक्ष उभा करावा असे ठरले आणि त्याची जबाबदारी मी आनंदाने स्वीकारली.

सात लॅपटॉप पहिल्याच दिवशी सुरू झाले. उरलेले पाच एकाच बनावटीचे होते. त्यांवर लिनक्स बसवण्याचे काम 'सेफ ग्राफिक्स' या पर्यायाने निर्विघ्न पार पडले. परंतु यंत्र पुन्हा सुरू करताच पडदा काळाकुट्ट. आम्ही ते एका दुरुस्तीच्या दुकानात दाखवले. पाचांचेही पडदे गेले आहेत, नवे घालण्याचा खर्च लॅपटॉपच्या किमतीहून अधिक होईल, असे तेथे सांगण्यात आले. मी पाचही यंत्रे 'निकामी' अशा यादीत लिहिली आणि खाली सही केली. यादी भंगारवाल्याकडे जाणार होती.

त्या दिवशी नववीतील एक विद्यार्थिनी कक्षात थांबली होती. एका 'निकामी' लॅपटॉपच्या पडद्यावर तिने मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला आणि मला म्हणाली, "सर, चित्र आहे. उजेड नाही."

मी वाकून पाहिले. काळ्या पडद्यात अत्यंत पुसट, परंतु स्पष्ट ओळखू येईल असा प्रवेशाचा चौकोन दिसत होता. पडदा चित्र दाखवत होता. त्याच्या मागचा दिवा तेवढा लागलेला नव्हता. अभियांत्रिकीत माझा जन्म गेला. पण सरांचा प्रश्न त्या दिवशी मी विचारलाच नव्हता. 'काय बिघडले?' असे मी दुसऱ्याला विचारले आणि मिळालेल्या उत्तराखाली सही केली. आजचे व्याख्यान हे काही अंशी त्या सहीचे प्रायश्चित्त आहे.

चित्र पडद्यापर्यंत कसे पोचते

'कोठपर्यंत चालू आहे' हे विचारावयाचे, तर मार्गावरील मुक्काम ठाऊक हवेत. आपण एखादे पत्र टंकत आहोत असे समजा. ते अक्षर पडद्यावर उमटेपर्यंत साधारणतः सहा मुक्काम लागतात.

पहिला मुक्काम म्हणजे आपण वापरतो तो कार्यक्रम. दुसरा, त्याची चित्रविषयक मागणी ग्राफिक्स चिपला समजेल अशा आज्ञांत रूपांतरित करणारे ग्रंथालय. लिनक्समध्ये हे काम बहुधा 'मेसा' करते. तिसरा, सर्व खिडक्या एकत्र जुळवून संपूर्ण पडद्याचे एक चित्र सिद्ध करणारी यंत्रणा. अनेक वर्षे हे स्थान 'एक्स' या प्रणालीचे होते. तिचा जन्म १९८४ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत झाला आणि तिची अकरावी आवृत्ती १९८७ मध्ये आली. २००८ मध्ये आरंभ झालेली 'वेलँड' ही पद्धती आता तिची जागा घेत आहे. चौथा मुक्काम कर्नलमधील ड्रायव्हरचा. कर्नल म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, आणि ड्रायव्हर म्हणजे त्या गाभ्याला विशिष्ट यंत्रभागाशी बोलता यावे म्हणून लिहिलेला दुभाषा. पाचवा मुक्काम प्रत्यक्ष ग्राफिक्स चिप. सहावा, चिपपासून निघालेली केबल, काचेचा पडदा आणि पडद्यामागचा दिवा, ज्यास बॅकलाइट म्हणतात.

यांतील शेवटची गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. बहुसंख्य लॅपटॉपमध्ये वापरलेला एलसीडी पडदा स्वतः प्रकाश देत नाही. तो केवळ मागून येणारा प्रकाश कोठे अडवावा आणि कोठे सोडावा हे ठरवतो. म्हणून चित्र शाबूत असूनही दिवा विझला की पडदा काळा दिसतो. चित्र आणि उजेड यांचे मार्ग निराळे आहेत. ज्या पडद्यांत प्रत्येक बिंदू स्वयंप्रकाशी असतो, त्या ओएलईडी पडद्यांना मात्र हे लागू नाही.

आणखी एक गोष्ट. लॅपटॉप सुरू होताना प्रथम जे बोधचिन्ह दिसते ते लिनक्स दाखवत नाही. ते यंत्रातच कोरलेल्या आरंभिक कार्यक्रमाचे, म्हणजे बायॉस किंवा यूईएफआयचे काम. त्यानंतर कर्नल जागा होतो, आणि काही क्षणांनी त्याचा ड्रायव्हर चिपचा संपूर्ण ताबा घेतो. पडदा काळा पडण्याचे प्रसंग या हस्तांतराच्या क्षणी वारंवार घडतात. म्हणून बोधचिन्ह दिसले आणि नंतर अंधार झाला, तर चिप, केबल, काच आणि दिवा हे सर्व निदान त्या क्षणापर्यंत तरी चालू होते, असा निष्कर्ष काढता येतो. आमच्या पाचांपैकी चार लॅपटॉपवर बोधचिन्ह दिसत होते. तो पुरावा रोज माझ्या डोळ्यांपुढून जात होता.

ड्रायव्हर मुक्त असण्याचे महत्त्व

येथे थोडा इतिहास सांगणे अप्रस्तुत होणार नाही. कारण लिनक्समध्ये चित्रदोष अधिक का आढळत, याचे उत्तर या इतिहासातच आहे.

१९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत एक नवा मुद्रक आला. त्यात कागद अडकत असे. जुन्या मुद्रकाच्या कार्यक्रमात रिचर्ड स्टॉलमन यांनी सुधारणा करून अशा वेळी सर्वांना सूचना जाईल अशी सोय केली होती. नव्या मुद्रकाचा मूळ कार्यक्रम मात्र त्यांना देण्यास नकार मिळाला. हा अनुभव स्टॉलमन यांनी पुढे अनेकदा सांगितला आहे. १९८३ मध्ये त्यांनी 'ग्नू' या मुक्त प्रणालीची घोषणा केली. १९९१ मध्ये हेलसिंकीतील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नल प्रसिद्ध केला. म्हणजे या चळवळीच्या मुळाशीच यंत्राचा एक दुराग्रही ड्रायव्हर होता असे म्हणता येईल.

ग्राफिक्सच्या क्षेत्रात हा प्रश्न अधिक तीव्र झाला. चिप कशी चालते याची माहिती उत्पादक देईनात, तर तिचा दुभाषा लिहावा कसा? इंटेलने आपल्या चिपांसाठी मुक्त ड्रायव्हरची वाट धरली. एएमडीने २००७ मध्ये तांत्रिक कागदपत्रे खुली करण्याचे धोरण जाहीर केले. एनव्हिडियाचा ड्रायव्हर मात्र दीर्घकाळ बंदिस्त राहिला. तेव्हा काही स्वयंसेवकांनी तो ड्रायव्हर चिपला काय सांगतो हे बाहेरून न्याहाळून, नोंदी जुळवून, स्वतंत्र दुभाषा रचला. त्याचे नाव 'नूवो'. फ्रेंच भाषेत याचा अर्थ 'नवा'. २०१० मध्ये तो कर्नलच्या २.६.३३ या आवृत्तीत समाविष्ट झाला. २०१२ मध्ये फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात टोरवाल्ड्स यांनी या कंपनीविषयी जाहीरपणे अतिशय कठोर शब्द उच्चारले. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने आपल्या नव्या पिढीच्या चिपांसाठी कर्नलमधील ड्रायव्हरचा स्रोत खुला केला. तथापि वरच्या थरातील ग्रंथालये आणि चिपमध्ये भरावयाचे फर्मवेअर अद्याप बंदच आहेत.

दुसरा मोठा बदल २००९ सालचा. तोपर्यंत पडद्याची रुंदी, उंची आणि गती ठरवण्याचे काम 'एक्स' स्वतः चिपला हात घालून करीत असे. मजकुराचा पडदा एकाच्या हाती, चित्राचा दुसऱ्याच्या. एका घराचे दोन कारभारी. २.६.२९ या आवृत्तीपासून, प्रथम इंटेल चिपांसाठी, हा अधिकार कर्नलकडे आला. यालाच 'कर्नल मोड-सेटिंग' म्हणतात. पुढे येणारा 'नोमोडसेट' हा शब्द याच्याशी निगडित आहे.

निदानाच्या पायऱ्या

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. एक सूचना आधी करतो : आज्ञा टंकताना त्या रोमन लिपीतच टंकाव्या लागतात, या पुस्तिकेत त्या उच्चारानुसार छापल्या आहेत.

पहिली पायरी डोळ्यांची आहे. यंत्र सुरू करताना बोधचिन्ह दिसते काय? दिसत नसेल तर लिनक्सला दोष देण्याचे कारण नाही. दिसून नंतर अंधार होत असेल, तर खोलीतील दिवे मालवून पडद्यावर टॉर्च तिरपा धरावा. पुसट चित्र दिसले तर दोष चित्राचा नाही, उजेडाचा आहे. प्रकाशमान वाढवण्याच्या कळाही दाबून पाहाव्यात. साधे उपाय प्रथम करण्यात कमीपणा नाही.

दुसरी पायरी म्हणजे बाहेरचा पडदा. लॅपटॉपला दुसरा मॉनिटर किंवा वर्गातील प्रोजेक्टर जोडावा. भिंतीवर चित्र आले तर ड्रायव्हरपर्यंतचे बहुतेक मुक्काम चालू आहेत असे समजावे. मात्र उलट निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. काही लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिपा असतात, आणि बाहेरच्या जोडणीची तार दुसऱ्या चिपला गेलेली असते. त्या चिपचा ड्रायव्हर नसेल तर प्रोजेक्टर गप्प राहील, पण तेवढ्यावरून लॅपटॉप बिघडला असे ठरत नाही.

तिसरी पायरी मजकुराच्या पडद्याची. 'कंट्रोल', 'ऑल्ट' आणि 'एफ ३' या कळा एकत्र दाबाव्यात. काळ्या पडद्यावर नाव आणि परवलीचा शब्द विचारणारी साधी ओळ आली, तर कर्नल आणि त्याचा ड्रायव्हर जागा आहे. दोष वरच्या थरात, म्हणजे एक्स, वेलँड किंवा प्रवेशव्यवस्थापक यांत शोधावा. शाळेच्या जाळ्यातील दुसऱ्या संगणकावरून 'एसएसएच'द्वारे या यंत्रात शिरता आले, तर पडदा काळा असूनही यंत्र जिवंत असल्याचा तो भक्कम पुरावा होय. अर्थात ही सोय आधी करून ठेवलेली हवी.

चौथी पायरी 'नोमोडसेट'ची. यंत्र सुरू होताना 'शिफ्ट' किंवा 'एस्केप' कळ दाबली असता 'ग्रब' नावाची यादी दिसते. तेथे 'ई' ही कळ दाबल्यास आरंभाच्या आज्ञा संपादनासाठी उघडतात. 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून 'नोमोडसेट' हा शब्द, म्हणजे नो, मोड आणि सेट हे तीन शब्द सलग, टंकावा आणि 'एफ १०' दाबावी. हा बदल त्या एका वेळेपुरताच टिकतो, म्हणून निर्धास्तपणे करून पाहावा. या शब्दाने आपण कर्नलला सांगतो की, पडद्याचा ताबा घेऊ नकोस, आरंभिक कार्यक्रमाने लावून दिलेले चित्रच चालू ठेव.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'नोमोडसेट'ने पडदा उजळला की अनेकजण तो शब्द कायमचा लिहून टाकतात आणि काम संपले असे मानतात. वस्तुतः तो उपचार नव्हे, चाचणी आहे. त्यामुळे यंत्र मंद चालते, पडद्याचा पूर्ण आकार मिळेलच असे नाही, प्रकाशमान बदलत नाही, बाहेरचा पडदा बहुधा चालत नाही. या शब्दाने यंत्र सुरू झाले, याचा अर्थ एवढाच की दोष ड्रायव्हरने ताबा घेण्याच्या टप्प्यात आहे. लिनक्स बसवतानाचा 'सेफ ग्राफिक्स' हा पर्याय अनेक ठिकाणी हाच शब्द पडद्याआड वापरतो. आमच्या पाचही यंत्रांवर लिनक्स त्याच पर्यायाने बसवले होते. त्या वेळी प्रत्येक पडदा उजळला होता की नाही, ही नोंद मी केली असती तर पुढचा गोंधळ टळला असता.

पाचवी पायरी यंत्राची रोजनिशी वाचण्याची. 'एलएसपीसीआय' या आज्ञेपुढे 'के' हा पर्याय दिला की प्रत्येक चिपचे नाव आणि तिच्यासाठी सध्या कोणता ड्रायव्हर काम करतो आहे हे दिसते. 'जर्नलसीटीएल' या आज्ञेने कर्नलने आरंभापासून केलेल्या नोंदी वाचता येतात. मागील अयशस्वी आरंभाच्या नोंदीही त्यातून काढता येतात. सर्व ओळी कळल्याच पाहिजेत असे नाही. ग्राफिक्स चिपचे नाव आणि 'फेल्ड' किंवा 'एरर' हे शब्द ज्या ओळीत एकत्र येतात, ती वहीत उतरवून घ्यावी. यंत्र आपली तक्रार बहुधा स्वतःच लिहून ठेवते. आपण ती वाचत नाही, इतकेच.

नेहमी आढळणारे दोष

या पायऱ्यांनी दोषाचा मुक्काम कळला की उपाय बहुधा सोपा असतो. वारंवार आढळणारे पाच प्रकार सांगतो.

पहिला प्रकार फर्मवेअर नसण्याचा. आधुनिक चिपला सुरू होताना एक लहान कार्यक्रम भरवावा लागतो. तो नसेल तर ड्रायव्हर असूनही चिप मुकी राहते. एएमडीच्या अनेक चिपांबाबत याची परिणती काळ्या पडद्यात होते. डेबियनसारख्या तत्त्वनिष्ठ वितरणात असे बंद फर्मवेअर मूळ प्रतीत दिले जात नसे. २०२२ मध्ये त्यांच्या सदस्यांनी मतदान करून धोरण बदलले आणि २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून ते समाविष्ट झाले. उपाय : फर्मवेअरचा संच बसवणे.

दुसरा प्रकार कर्नल आणि ड्रायव्हर यांची फारकत होण्याचा. एनव्हिडियाचा ड्रायव्हर कर्नलसोबत येत नाही. तो प्रत्येक कर्नलसाठी जुळवून घ्यावा लागतो. कर्नल अद्ययावत झाला आणि ही जुळणी झाली नाही, तर कालपर्यंत चाललेले यंत्र आज अंधारात जाते. अशा वेळी ग्रबच्या यादीतून मागील कर्नल निवडावा. काम सुरू राहते आणि दुरुस्तीस अवधी मिळतो. 'सिक्युअर बूट' ही सुरक्षाव्यवस्था चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर कर्नल नाकारतो; तेव्हा ड्रायव्हरवर आपली सही नोंदवावी लागते. शिवाय जुन्या चिपांना नवा ड्रायव्हर चालत नाही. कंपनीच्या ५८० या मालिकेनंतर मॅक्सवेल आणि पास्कल या पिढ्यांना नवे ड्रायव्हर नाहीत. म्हणून चिपची पिढी पाहूनच ड्रायव्हर निवडावा.

तिसरा प्रकार दोन चिपांचा. २०१० मध्ये आलेल्या 'ऑप्टिमस' पद्धतीत वीज वाचवण्यासाठी साधी चिप नेहमीचे काम करते आणि जड काम आले की बलवान चिप जागी होते. बलवान चिपने काढलेले चित्र साध्या चिपच्या हाती देऊन पडद्यावर न्यायचे असते. आरंभीची काही वर्षे ही देवाणघेवाण लिनक्सला साधत नव्हती. आज ती 'प्राइम' या व्यवस्थेद्वारे होते. तरीही गोंधळ झाल्यास यंत्र तात्पुरते साध्या चिपवरच चालवावे. शाळेच्या कामास ती पुरेशी असते.

चौथा प्रकार लुकलुकण्याचा. चित्र स्थिर असताना चिपला विश्रांती मिळावी म्हणून काही पडदे शेवटचे चित्र स्वतःच धरून ठेवतात. काही यंत्रांत ही बचत पडद्याला मानवत नाही आणि तो थरथरू लागतो. इंटेल चिपांवर 'आय ९१५' या ड्रायव्हरची ही सोय, जिचे नाव संक्षेपाने 'पीएसआर', बंद करून फरक पडतो काय ते पाहावे. पडला तर कारण सापडले. न पडला तर केलेला बदल परत घ्यावा.

पाचवा प्रकार आमचा, उजेडाचा. बॅकलाइटला आज्ञा देण्याचे मार्ग एकाहून अधिक असतात : यंत्राच्या आरंभिक कार्यक्रमामार्फत, उत्पादकाच्या खास व्यवस्थेमार्फत, किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरमार्फत थेट. कर्नलने चुकीचा मार्ग निवडला तर आज्ञा सुटते, पण दिव्यापर्यंत पोचत नाही. आम्ही प्रोजेक्टर जोडला. भिंतीवर प्रवेशाचा चौकोन स्वच्छ दिसला. मग ग्रबमध्ये 'एसीपीआय' आणि 'बॅकलाइट' हे शब्द अधोरेषेने जोडून, पुढे बरोबरचे चिन्ह आणि 'व्हेंडर' हा शब्द लिहिला. काही झाले नाही. तो काढून 'नेटिव्ह' लिहिला. बोधचिन्ह आले, गेले, एक क्षण अंधार झाला, आणि पडदा उजळला. मग तो बदल ग्रबच्या स्थायी नोंदीत लिहून ठेवला. उरलेल्या तीन यंत्रांवर हेच केले. चारही आज संगणककक्षात आहेत.

पथ्ये आणि मर्यादा

निदान करताना काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. आपली कागदपत्रे प्रथम दुसरीकडे उतरवून ठेवावीत. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याची वेळ, कृती व परिणाम वहीत लिहावा. दोन बदल एकदम केले आणि यंत्र चालू झाले, तर कशाने झाले हे कधीच कळत नाही. पुढच्या वेळी ते ज्ञान उपयोगी पडत नाही. ज्या आज्ञेचा अर्थ कळत नाही ती सर्वाधिकाराने चालवू नये. बदलाने लाभ झाला नाही तर तो मागे घ्यावा.

मर्यादाही मोकळेपणाने सांगतो. आमचे पाचवे यंत्र या उपायांनी सुधारले नाही. त्यावर आरंभीचे बोधचिन्हसुद्धा टॉर्च धरल्याशिवाय दिसत नव्हते. जेथे कार्यप्रणाली अद्याप जागीच झालेली नाही, तेथे ड्रायव्हर काय करणार? त्याचा दिवा किंवा केबल खरोखरच निकामी होती. म्हणजे दुकानदाराचे निदान पाचांपैकी एकाबाबत बरोबर होते. त्याची चूक एवढीच, आणि माझीही, की पाच सारखे दिसले म्हणून पाचांना एकच रोग आहे असे आम्ही धरून चाललो. लॅपटॉप उघडून केबल व पडदा हाताळण्याचे काम मात्र जाणकारावर सोपवावे. मुलांनी ते करू नये. पाचव्या यंत्राला शाळेतील एक जुना मॉनिटर कायमचा जोडला आहे आणि ते ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी ठेवते.

समारोप

मित्रहो, मुक्त कार्यप्रणालीत दोष नसतात असा माझा दावा नाही. किंबहुना ग्राफिक्सच्या बाबतीत तिने वापरणाऱ्यांना पुष्कळ छळले आहे. परंतु दोष शोधण्याची वाट ती अडवत नाही. तिच्या नोंदी वाचता येतात, तिचे मार्ग बदलून पाहता येतात, तिचा स्रोत उघडा आहे, आणि एका गावी सापडलेला उपाय जगातील सर्वांच्या कामी येऊ शकतो. शाळेला अशा यंत्राचा उपयोग केवळ पैसे वाचतात म्हणून नाही. केरळच्या शालेय शिक्षणाने 'आयटी अ‍ॅट स्कूल' या २००१ मध्ये आरंभलेल्या प्रकल्पातून मुक्त प्रणाली राज्यभर वर्गांत नेली. आपल्यासारख्या सीमाभागातील एका मराठी शाळेलाही बारा यंत्रांपुरते ते करता आले, ही समाधानाची गोष्ट आहे.

निकामी वस्तूंची ती यादी मी परत मागून घेतली. पाचही नोंदींवर रेघ मारली, पुन्हा सही केली आणि तारीख घातली. ती यादी संगणककक्षातील वहीत पहिल्या पानावर लावलेली आहे. त्याच वहीत विद्यार्थी आता प्रत्येक यंत्राच्या तक्रारी लिहितात. वहीला तीन रकाने आहेत. 'काय दिसले' आणि 'काय केले' हे दोन मी आखले होते. मधला रकाना त्या विद्यार्थिनीने आखला. तिने सरांना कधी पाहिले नव्हते. सरांची गोष्टही मी तिला तोवर सांगितली नव्हती. त्या रकान्याचे शीर्षक आहे : 'कोठपर्यंत चालू होते'.